गुंगीच्या गोळ्या

आम्ही पालघरला बिऱ्हाड केलं तेव्हा आमची मुलगी नुकती रांगायला लागली होती. माझं माहेर आणि सासर दोन्ही कराडच्या बाजूचं. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता, आणि पालघरला आल्यावरही पहिलं वर्षभर नुसता त्याचा वास घेतला, तोही सातपाटीहून मासळी घेऊन येणाऱ्या बायकांच्या पाट्यांमधून. आम्ही मासे खाणारी माणसं नव्हतो. तरी त्यातली एक मावशी रोज आमच्या ओट्यावर पाटी उतरवून पाणी प्यायची आणि मुलीशी दोन शब्द बोलून पुढे जायची. गावात माझ्याशी आपणहून बोलणारी ती पहिली.

हे ड्राफ्ट्समन होते. तारापूरकडे वीजकेंद्राचं काम निघालं होतं आणि त्याच्या मागोमाग बोईसरच्या माळावर घरं, गुदामं, रस्ते असं काय काय उभं राहत होतं. तिथल्या एका लहान कंत्राटदाराकडे यांना नोकरी लागली. सकाळच्या गाडीने बोईसर आणि तिथून ट्रकच्या मागे उभं राहून साइटवर. पत्र्याच्या शेडमध्ये तिरक्या टेबलासमोर दिवसभर नकाशे काढायचे. पेन्सिलीने काढणारे आणखी दोघे होते, पण शेवटी शाई फिरवायची ती यांनीच. एका रविवारी काम घरी आणलं होतं तेव्हा मी पाहिलं. रेघ ओढायच्या आधी हे श्वास घ्यायचे, तो धरून ठेवायचे आणि हात या टोकापासून त्या टोकापर्यंत असा जायचा की जणू रेघ आधीच तिथे होती, यांनी फक्त तिच्यावरची धूळ पुसली. मग श्वास सोडून माझ्याकडे बघून हसायचे. स्वभावाने अबोल माणूस. आपल्याला एक गोष्ट चांगली येते, एवढाच काय तो त्यांचा गर्व होता.

दुखणं कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येत नाही. आधी झोप गेली. मग जेवताना मध्येच थांबून ऐकू लागले. काय ऐकता म्हणून विचारलं तर म्हणाले, कौलांवर दोघं जण बसून बोलतायत. मी अंगणात जाऊन बघून आले. कावळासुद्धा नव्हता. तसं सांगितलं तर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीही त्या दोघांना सामील आहे.

मग म्हणू लागले की आपण एका जिन्याचा नकाशा चुकवला आहे आणि त्या जिन्यावरून माणसं पडून मरणार आहेत. साहेबांनी नकाशा तपासला, ठीक आहे म्हणून सांगितलं. त्यावर यांचं म्हणणं, साहेबही त्यांच्यातलेच. संध्याकाळी घरी आले की ट्रकमधून कोणीतरी मागे आलं का ते दाराच्या फटीतून बघत बसायचे. माझ्या हातचं खाणं सोडलं. ज्याला साल आहे तेवढंच खायचे. केळी, उकडलेलं अंडं, भुईमुगाच्या शेंगा. साल स्वतः काढायचे, उजेडात धरून बघायचे आणि मग खायचे. अंगावरचं मांस झपाट्याने उतरलं. एके दिवशी मी मुलीला दूध पाजत होते तर वाटी माझ्या हातातून काढून घेऊन त्यांनी अंगणात ओतली. मुलगी भुकेने रडत होती आणि हे तिला उराशी धरून म्हणत होते, "बाळ, मी तुला वाचवलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेव्हा मी डॉक्टरकडे गेले.

पालघरचे डॉक्टर म्हातारे होते, सर्दीखोकला आणि हिवताप बघणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे माझ्या हातातलं नाही. मुंबईला मोठ्या इस्पितळात न्या. मनाच्या आजारांचे डॉक्टर असतात तिथे." मी विचारलं, "म्हणजे वेड का?" ते म्हणाले, "नाव काय द्यायचं ते नंतर बघू. आधी न्या."

मुंबईला नेलं कसं ते मलाच ठाऊक. तिथले डॉक्टर तरुण होते, त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि आमच्या मागे व्हरांड्याच्या टोकापर्यंत माणसं बसलेली होती. त्यांनी यांना खूप काही विचारलं, शांतपणे. मग गोळ्या लिहून दिल्या आणि मला म्हणाले, "रोज द्या. संपल्या की यांना घेऊन या." बस्स. त्या गोळ्या काय करतात, किती काळ घ्यायच्या, त्यांनी काय होऊ शकतं, यातलं काही त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. हिवतापाच्या गोळ्या असतात तशा या, पुडी संपली की आजार संपला, असं मी धरून चालले. आमच्याकडे औषध म्हणजे तेवढंच होतं.

पहिले काही दिवस हे नुसते झोपत होते. आमच्या घरमालकीण काकू तिथल्याच, पिढ्यान्‌पिढ्या चिकूच्या वाडीवर राहणाऱ्या. त्या दारात उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, "गुंगीच्या गोळ्या दिल्यात, दुसरं काय. माणूस जागाच नाय तर बडबडणार कुठून?" मलाही तसंच वाटू लागलं होतं. पण हळूहळू झोप कमी झाली आणि बडबड परत आली नाही. कौलांवरची माणसं आधी लांब गेली, मग कुजबुजू लागली, मग गप्प झाली. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. एका दुपारी मी तव्यावरची भाकरी काढली आणि यांनी हात पुढे केला. मी ती त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी तिचा पापुद्रा सोडवला, आत न बघता तुकडा मोडला आणि खाल्ला. मी पदर तोंडाला लावून चुलीकडे वळले.

हे पुन्हा कामावर जाऊ लागले, आणि लोकांचं बोलणंही सुरू झालं. वाईट हेतूने कोणीच बोललं नाही, म्हणून तर ते टाळता येत नव्हतं. काकूंचं म्हणणं, या गोळ्या उष्ण, रक्त जाळतात. त्याला पुरावाही होता. उन्हात गेलं की यांचा चेहरा आणि मनगटं काळवंडायची, इतकी की टोपी काढली तर कपाळावर दोन रंग दिसायचे. शेडमधल्या सोबत्याने यांना बाजूला घेऊन सांगितलं, त्यात अफू असते, सहा महिन्यांत अशी सवय लागेल की बायकोचे दागिने विकून आणाव्या लागतील. आणखी कोणी म्हणालं, पुरुषपण जातं. कोणी म्हणालं, अशा माणसाला पुढे मूल झालं तर ते जन्मतःच मंद निघतं. मी तेव्हा पुन्हा दिवस जाण्याची वाट बघत होते. ते ऐकल्यावर मी वाट बघणं सोडलं.

पण बाहेरच्यांपेक्षा यांच्या स्वतःच्या मनात होतं ते जास्त कठीण होतं. गोळ्यांची पुडी त्यांनी दंतमंजनाच्या रिकाम्या डबीत लपवली होती. मी म्हटलं, "घरात आपण दोघंच. लपवता कोणापासून?"

ते म्हणाले, "ताप आला की लोक गोळी घेतात आणि ताप उतरतो. ही मी घेतो ती कशासाठी? मी वेडा आहे म्हणून. रोज सकाळी गिळली की मी आजही वेडा आहे असं स्वतःला सांगितल्यासारखं होतं."

"आता बरे आहात ना?"

"बरा आहे तर मग कशाला घ्यायची?"

मी डबीचं झाकण लावून ती होती तिथे ठेवली.

त्यानंतर हात थरथरू लागला. आधी चहाची बशी वाजायची. मग सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागू लागला. चालताना हात हलेनासे झाले, अंगाला चिकटल्यासारखे राहायचे आणि पावलं लहान पडायची. जीभ जड झाली. शेडमध्ये यांनी शाईची रेघ ओढायला घेतली की मध्येच ती करवतीच्या दातांसारखी व्हायची. ट्रेसिंगच्या कापडावर पडलेली शाई ब्लेडने खरवडून काढावी लागते. एका नकाशावर यांनी इतकं खरवडलं की कापडाला भोक पडलं.

साहेबांना वाटलं, गडी ताडी पितो. वाटणारच. त्या भागात ताडाची झाडं मोजता येणार नाहीत इतकी, आणि दारूबंदी असूनही सकाळी डुलत येणारे काही कमी नव्हते. त्यांनी यांना सगळ्यांसमोर जवळ बोलावून तोंड उघडायला लावलं आणि वास घेतला. वास येईना तेव्हा म्हणाले, "मग दुसरं काहीतरी घेत असाल." यांनी मान खाली घातली. खरंच दुसरं काहीतरी घेत होते ना. हे सगळं यांनी मला संध्याकाळी सांगितलं तेव्हा उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता, पकडलेल्या पाखरासारखा.

"डोकं राहिलं पण हात गेला," ते म्हणाले. "दोन्ही नाही मिळायचं. एकच मिळणार."

त्यांनी हात निवडला. मला न विचारता निवडला, आणि मला विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं कोण जाणे. पोट त्या हातावर होतं. गोळ्या बंद केल्याचं त्यांनी मला चांगले पंधरा-वीस दिवस गेल्यावर सांगितलं, तेही आनंदाने. हात समोर धरला. स्थिर होता. चालणंही मोकळं झालं होतं, जीभ सुटली होती. दाढी करताना पूर्वीसारखी शीळ घालत होते. चेहऱ्यावरची मरगळ गेली. मी इतकी सुखावले की त्या रविवारी पुरणपोळी केली.

त्याच सुमारास माझे थोरले दीर गावाहून आले. वडिलांच्या माघारी त्यांनीच यांना शिकवलं होतं, त्यामुळे हे त्यांच्यापुढे मान वर करून बोलत नसत. त्यांना आजाराचं उडत उडत कळलं होतं. त्यांनी यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय झालंय याला? चांगला धडधाकट तर आहे."

मी म्हटलं, "गोळ्यांनी बरे झाले."

"गोळ्या घेतोस?" त्यांनी यांना विचारलं.

"सोडल्या, दादा."

"बघ. सोडल्यास आणि माणसात आलास." मग मला म्हणाले, "आपल्या घरात असलं कोणी नव्हतं. मन घट्ट ठेवलं की डॉक्टरची पायरी चढावी लागत नाही. परत ते विष घरात आणू नका."

विष हा शब्द मला खटकला. पण समोर हे हसत बसले होते, मुलीला मांडीवर घेऊन, हाताला जराही कंप नव्हता. डोळ्यांनी दिसत असलेलं खोटं कसं म्हणायचं? आणि आतून मलाही तेच खरं व्हायला हवं होतं.

पाऊस संपून शेतं कापणीला आली तोवर चाललं. मग एक दिवस जेवताना यांनी मान वळवून वर पाहिलं. क्षणभरच. दुसऱ्या दिवशी यांनी ताटातली भाजी बाजूला सारली आणि केळं मागितलं.

मी त्या डबीतल्या राहिलेल्या गोळ्या शोधल्या. डबी रिकामी होती. उरलेल्या गोळ्या यांनी कधीच नाल्यात टाकल्या होत्या. मुंबईला जाऊ या म्हणून मी हातापाया पडले तर हे म्हणाले, "तुला मला परत झोपवायचंय. म्हणजे तुम्हाला हवं ते करता येईल." मी पालघरच्या डॉक्टरांकडे धावले. ते म्हणाले, "त्यांना कसंही करून न्या." कसंही म्हणजे कसं? धरून न्यायला माझ्याजवळ कोण होतं? दिरांना निरोप धाडला. उत्तर आलं की मन खंबीर करायला सांग. मी जेवणखाण सोडून दारात बसून राहायचे. ते बाहेर पडले की एक भीती आणि परत आले की वेगळीच. मुलगी दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून आपोआप गप्प बसायला शिकली. इतक्या लहान मुलाने असं शिकू नये.

मग एके दिवशी हे सकाळच्या गाडीने बोईसरला गेलेच नाहीत. मला ते ठाऊक नव्हतं. दुपारी मासळीवाली मावशी आली ती पाटी न घेताच.

"बाय," ती म्हणाली, "तुझा माणूस आमच्या बंदरावर हाय. होडीत जाऊन बसलाय. उतर म्हटलं तर उतरत नाय. तू चल."

मुलीला कडेवर घेऊन मी तिच्याबरोबर एसटीत बसले. वाटेत ती एवढंच म्हणाली, "कोणी हात नाय लावला त्याला. मी सांगून आले हाय."

समुद्र मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. ओहोटीचा चिखल होता आणि बांबूंवर बांधलेल्या दोऱ्यांना बोंबील लटकत होते. त्यांच्यापलीकडे चिखलात टेकलेल्या एका होडीत हे बसले होते. अंगात कामावर जायचाच सदरा, पायात वहाणा नाहीत. दोन्ही हातांनी होडीची कड धरलेली. भोवती माणसं उभी होती. त्यात होडीचा मालक होता, नाखवा, आणि त्याच्याबरोबर जाणारी माणसं. जाळी होडीत भरून झाली होती.

मुलीला मावशीकडे दिलं आणि मी चिखलातून होडीपाशी गेले.

"इथे कशाला आलीस?" हे म्हणाले. "आता त्यांना कळलं असेल."

"घरी चला."

"घरी नाही. नाखव्याला तूच सांग. मला खोल पाण्यात नेऊन सोड म्हणावं. मी नसलो की तुमच्या मागे कोणी लागणार नाही."

हे ते ओरडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी शांतपणे बोलले, संध्याकाळी भाजी काय करायची ते सांगावं तसे. मी होडीची कड धरून कशीबशी आत चढले आणि त्यांच्या शेजारी बसले. हात हातात घेतला. तो हात अजिबात थरथरत नव्हता. त्या हाताची अशी किंमत मोजायची होती हे कोणी आम्हाला सांगितलं असतं तर.

मी समजूत घातली, रडले, मुलीकडे बोट दाखवलं. काहीही उपयोग झाला नाही. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत होतं, पण ते दुसऱ्या कोणाचं तरी ऐकत होते. पाणी चढत आलं. होडी हलू लागली. नाखवा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाय, भरती लागली. आता निघायला हवं आमाला."

त्याने यांच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं आणि मागे वळून आपल्या माणसांना म्हणाला, "जाळी उतरवा. आज ऱ्हाऊ दे."

कोणी कुरकुर केली नाही. ऊन उतरेपर्यंत ती माणसं तिथेच बसून राहिली. शेवटी यांची मान डुलू लागली, कित्येक दिवस झोप नव्हतीच, तेव्हा चौघांनी त्यांना हलकेच उचललं. हे दचकून जागे झाले आणि किंचाळले. तो आवाज माझ्या मुलीने ऐकला. नाखव्याचा भाऊ आमच्याबरोबर थेट मुंबईपर्यंत आला, यांना खांद्याशी धरून. वाटेत यांनी त्याला खूप शिव्या दिल्या. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "हां दादा. हां."

इस्पितळात यांना ठेवून घेतलं. थोड्या दिवसांनी त्याच तरुण डॉक्टरांनी मला बोलावलं.

"गोळ्या का बंद केल्या?"

मी हाताचं सांगितलं. शाईचं, साहेबांनी तोंडाचा वास घेतल्याचं, सगळं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "हे मला येऊन का नाही सांगितलंत?"

"असं येऊन सांगता येतं हे कुठे ठाऊक होतं?"

त्यांनी लिहिणं थांबवलं. म्हणाले, "हात थरथरणं, अंग ताठरणं, हे त्या गोळीनेच होतं. त्यावर वेगळी गोळी आहे. मूळची गोळी कमी करून बघता येते. उन्हात चेहरा काळवंडतो तोही तिच्यामुळेच, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा. यातलं काही झालं तर यायचं. पण आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही."

मी विचारलं, "लोक म्हणतात सवय लागते. अफूसारखी."

"त्यांना कधी गोळी हवीहवीशी वाटली? जास्त मागितली?"

तोंड वाकडं करून गोळी गिळणारे हे माझ्या डोळ्यांसमोर आले. "नाही," मी म्हटलं. "पण सोडल्यावर ते चांगले होते हो. दोन-अडीच महिने चांगले होते. मी पाहिलंय."

"औषधाचा परिणाम लगेच पुसला जात नाही. आजार दबलेला असतो, गेलेला नसतो. म्हणून तर लोक फसतात."

"मग किती दिवस घ्यायच्या?"

"काहींच्या काही वर्षांनी बंद करता येतात. काहींच्या येत नाहीत. यांचं मला आज सांगता येणार नाही."

मी व्हरांड्यात आले. तिथे एक नळ होता, त्याच्या कट्ट्यावर बसले आणि इतके दिवस न आलेलं रडू आलं. डॉक्टरांचा राग आला नाही. त्यांच्या दारासमोरची रांग मला दिसत होती. पण ही चार वाक्यं होती. चहा गार व्हायच्या आत सांगून होतील अशी. ती पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती तर हे त्या होडीत बसले नसते. नंतर कित्येक वर्षं मी स्वयंपाक करताना ती वाक्यं मनात परत परत त्या पहिल्या दिवसात नेऊन ठेवत असे.

हे घरी आले. दुसऱ्या गोळीने हात पुष्कळ थांबला, पण शाईला लागतो तितका नाही. शेडमध्ये दुसरा माणूस आला होता. साहेब भले होते, त्यांनी ताडीचा विषयही काढला नाही, पण यांना परत घेता येणार नाही असं म्हणाले. शेवटी काकूंनीच आपल्या भावाच्या वाडीवर यांना काम मिळवून दिलं. सावलीत बसून चिकू निवडायचे, करंड्या भरून घ्यायच्या. काकूंचं गोळ्यांबद्दलचं मत काही बदललं नव्हतं. काम देताना त्या मला म्हणाल्या, "त्या गोळ्या वाईटच. पण आमी त्याला गोळ्यांशिवाय पण बघितला ना." मी शिवणयंत्र घेतलं आणि बायकांची पोलकी शिवू लागले.

दीर पुन्हा आले. त्यांना यांचं सुटलेलं पोट आणि संथ चालणं बघवलं नाही. म्हणाले, "गोळ्या इथेच टाका आणि गावाकडे चला. घरची शेती आहे, घरची माणसं आहेत. मी बघतो कसा बरा होत नाही ते."

मी म्हटलं, "गावाला येऊ. गोळ्या टाकून येणार नाही."

"म्हणजे जन्मभर वेडा म्हणूनच ठेवणार त्याला?"

मी काही बोलायच्या आत हे बोलले. आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या भावाला उलट बोलले, तेही जड जिभेने, सावकाश. "दादा, मला त्या होडीत तू पाहिलं नाहीस."

दीर त्याच दिवशी परतले. पुढे येणंजाणं राहिलं नाही.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. पुढच्याच वर्षी, गोळ्या चालू असताना, कौलांवरचे आवाज पुन्हा आले. मी ज्यांच्याशी भांडून गोळ्या चालू ठेवल्या होत्या ते सगळे जिंकले असं मला वाटलं. माझा धीर तेव्हा जितका खचला तितका सातपाटीच्या चिखलातही खचला नव्हता. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, आवाज पुन्हा मागे गेले, पण त्यानंतर मी कधी निर्धास्त झाले नाही. ते मान वळवून वर बघायचे, एखादा पक्षी बघायला का असेना, की माझा हात शिवणावर थांबायचा.

शीळ परत आली नाही. हसणंही उणंच राहिलं. ते आजाराने नेलं की गोळ्यांनी, हे मला कळत नव्हतं. एकदा त्यांनाच विचारलं. ते विचार करून म्हणाले, "आत सगळं कापडात गुंडाळून ठेवल्यासारखं वाटतं. आवाज लांबून येतात. सुखाचेसुद्धा."

"मग नकोशी वाटते गोळी?"

"नकोशी तर वाटतेच. पण बोलणारे गप्प आहेत." आणि पुढे म्हणाले, "मुलीला दूध पिताना बघवतं मला."

दुसरं मूल आम्ही होऊ दिलं नाही. लोक म्हणाले म्हणून नव्हे, एवढंच सांभाळताना माझी ताकद संपत होती.

आमच्याबद्दलची कुजबुज गावात पसरलेली होतीच. एका दुपारी पलीकडच्या आळीतली एक बाई पोलक्याचं कापड घेऊन आली. मी मापं घेत होते तेव्हा ती खाली बघून म्हणाली, "तुमच्या यांना मुंबईहून गोळ्या आणता ना? माझा भाऊ वाणगावला असतो. दोन महिने खोलीतून बाहेर आला नाही. घरचे म्हणतात, त्या गोळ्या घेतल्या की माणूस कायमचा कामातून जातो."

मी टेप गळ्यात अडकवला आणि मला ठाऊक होतं ते सगळं तिला सांगितलं. हाताचं, उन्हाचं, बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत त्याचं. काही झालं तर डॉक्टरांना जाऊन सांगायचं, त्यांना राग येत नाही, हेही. ती एकेक शब्द लक्षात ठेवत होती. शेवटी तिने विचारलं, "मग बरा होईल ना?"

हे आत खिडकीशी बसून वालाच्या शेंगा सोलत होते. दारातून तिला दिसत होते. शेंग सोलायची, दाणे वाटीत टाकायचे, थोडं थांबायचं, पुढची घ्यायची. तिने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. होईल म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तेही खोटं.

"पोलकं केव्हा मिळेल?" तिने विचारलं.

"गुरुवारी या," मी म्हटलं.

गुरुवारी ती आली, पोलकं घालून बघितलं, काखेत थोडं सैल करून घेतलं. भावाबद्दल ती बोलली नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही.